फळ्यावर नाशिक

अण्णांना इंग्रजी येत नाही असं आमच्या घरात सगळे म्हणतात, पण निर्यातीच्या द्राक्षांच्या खोक्यावर छापलेलं असतं तेवढं त्यांना नीट वाचता येतं. ग्रेप्स, इंडिया, थॉमसन, पाच केजी, नाशिक. २०१९ च्या सप्टेंबरात फ्लोरिडातल्या डिस्नेच्या एपकॉट पार्कमध्ये एका स्टॉलच्या फळ्यासमोर ते थांबले आणि ओठातल्या ओठात अक्षरं लावायला लागले. एन, ए, एस, एच... मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, हे आपलं नाशिक आहे का गं?"

आपलंच होतं. 'सुला शेनिन ब्लां, नाशिक.' नाशिकच्या सुला कंपनीची पांढरी वाइन.

आम्ही टॅम्पाला राहतो. एपकॉट तिथून गाडीने सव्वा-दीड तासावर. आई-अण्णा त्या वर्षी पहिल्यांदाच अमेरिकेत आले होते, आणि तेही अडीच महिन्यांच्या वर राहणार नाही या अटीवर, कारण द्राक्षबागेच्या ऑक्टोबर छाटणीच्या आधी अण्णांना निफाडला परतायचं होतं. बाग भावावर टाकून आलेला माणूस दिवसातून तीनदा तिकडच्या पावसाची चौकशी करतो. त्यांना समुद्र दाखवला, मॉल दाखवले, सगळीकडे ते शहाण्यासारखे मागे मागे आले. एपकॉटला मात्र मीच हट्टाने नेलं, कारण तिथे फूड अँड वाइन फेस्टिव्हल चालू होता. दर वर्षी उन्हाळा सरता सरता हा सुरू होतो. त्या वर्षी २९ ऑगस्ट ते २३ नोव्हेंबर, ८७ दिवस होता. शनिवार-रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि संध्याकाळी तर प्यायलेल्यांचे घोळकेच फार, म्हणून आम्ही मंगळवार धरला.

एपकॉट १९८२ साली उघडलं. त्याच्या मागच्या भागात एक मोठं तळं आहे आणि तळ्याभोवती अकरा देश मांडलेले आहेत: मेक्सिको, नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली, अमेरिका, जपान, मोरोक्को, फ्रान्स, इंग्लंड, कॅनडा. पूर्ण फेरी जवळपास दोन किलोमीटरची. फेस्टिव्हलच्या दिवसांत या देशांच्या मधल्या जागांत तीसहून जास्त स्टॉल लागतात. प्रत्येक स्टॉल एका देशाचा किंवा एका पदार्थाचा. प्रत्येक ठिकाणी दोन-चार पदार्थ आणि सोबतीला तिथली वाइन किंवा बिअर. दारातच एक छोटी पुस्तिका मिळते, तिला पासपोर्ट म्हणतात. खाल्लं त्या पानावर स्टिकर चिकटवायचं. माझ्या मुलीने तो पासपोर्ट आजोबांच्या खिशात ठेवला आणि प्रत्येक स्टॉलला त्यांच्याकडून मागून घेत राहिली.

डिश म्हणजे तळहाताएवढी. तीन-चार घास. किंमत तेव्हा पाच-सात डॉलर. आईने पहिल्याच स्टॉलला मनात हिशेब केला आणि तिचा चेहरा उतरला. मी तिला सांगितलं की आज पोट भरायला आलेलो नाही, चवी बघायला आलोय. मला स्वतःला ही पद्धत फार आवडते. ज्याने आयुष्यात कधी भाकरी-पिठल्याबाहेर पाऊल टाकलं नाही, त्याच्यासमोर परक्या जेवणाचं अख्खं ताट आलं तर तो घाबरतो. तीन घास असले की धीर होतो. नाही आवडलं तर पुढचा स्टॉल वीस पावलांवर आहे.

अण्णा माळकरी. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी आधी शाकाहारी काय ते विचारायचं. कॅनडाच्या चेडर चीजच्या सूपचं इतकं नाव ऐकलं होतं, पण त्यात बेकन असतं, ते गेलं. ग्रीसच्या स्टॉलवर तव्यावर भाजलेलं खारट चीज, वर मध आणि पिस्ते, हे आईला पटलं. "पनीरला मीठ लावून गुळासंगं खाल्ल्यागत लागतंय," म्हणाली आणि दुसरा तुकडाही तिनेच घेतला. ब्राझीलच्या स्टॉलवर 'पांव जी केजू' म्हणून चीजचे गोल गोल पाव होते, लिंबाएवढे. वरून कडक आणि आत चिवट, ओढलं तर तार निघते अशी. अण्णांनी एक फोडला, आतला पोत बोटांनी दाबून पाहिला आणि म्हणाले, "हा तर साबुदाणा आहे."

मी म्हटलं, अण्णा, पाव आहे. पण त्यांनी हेका सोडला नाही. नवऱ्याने स्टॉलवरच्या मुलीला विचारलं तर ती म्हणाली, यात गहू नाहीच, टॅपिओकाचं पीठ आहे. म्हणजे कसावाचं, ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो त्याच कंदाचं. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आला. एकादशीला आपण जे खातो ते ब्राझीलकडून आलेलं आहे, हे मला पुस्तकातून माहीत होतं. अण्णांना बोटांना कळलं. पासष्ट वर्षं उपासाची खिचडी खाल्लेल्या माणसाची बोटं ती.

दुपारी त्यांना 'लिव्हिंग विथ द लँड' मध्ये बसवलं. होडीत बसून काचघरांतून हिंडायचं, जेमतेम पंधरा मिनिटं. टोमॅटोचं एकच झाड मांडवभर पसरलेलं, मुळं हवेत लोंबताहेत आणि त्यांच्यावर पाण्याचा फवारा येतोय, वांगी, ऊस, फणस, मिकीच्या तोंडाच्या साच्यात वाढवलेले भोपळे. यातला माल तिथल्याच हॉटेलांत वापरतात. होडीतून उतरल्या उतरल्या अण्णा पुन्हा रांगेत जाऊन उभे राहिले. दुसऱ्या फेरीला त्यांनी फक्त एकच गोष्ट शोधली, फवारणीचा पंप. तो काही दिसला नाही. तिथे मित्रकीटक सोडतात असं मी सांगितल्यावर बराच वेळ गप्प होते. द्राक्षावरच्या डावणी रोगासाठी रात्री दोनला उठून फवारणी केलेल्या माणसाला याचा अर्थ जसा लागतो तसा मला लागणार नाही.

चारच्या सुमाराला पाऊस आला. फ्लोरिडात सप्टेंबरात तो रोज येतो, दाणदाण पडतो आणि जातो. आम्ही मोरोक्कोच्या कमानीखाली थांबलो. त्या भिंतींवरच्या रंगीत तुकड्यांची नक्षी करायला मोरोक्कोच्या राजाने आपले कारागीर पाठवले होते. आई त्या भिंतीवरून हात फिरवत राहिली. अण्णा आभाळाकडे बघत होते.

पाऊस उघडल्यावर भारताचा स्टॉल सापडला. अकरा देशांत भारत नाही, कायमची इमारत नाही, फेस्टिव्हलपुरता तो एक स्टॉल. हे मला दर वेळी लागतं आणि त्या दिवशी जास्त लागलं, कारण आईने विचारलं, "आपला देश कुठाय गं?" नान आणि तीन प्रकारच्या चटण्या होत्या, लसणाची, आंब्याची, कोथिंबिरीची. फ्लॉवर, गाजर, छोले घातलेली मद्रास करी आणि भात होता. करी बरी होती, तिखट अमेरिकेच्या बेताचं. आणि पेयांच्या यादीत ते नाव.

इथे मला थोडं मागे जावं लागेल.

२००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. सुलाची पहिली वाइन त्याच्या आदल्या वर्षी, २००० मध्ये बाजारात आली होती. त्यानंतर नाशिक जिल्ह्यात वाइनरी उभ्या राहायला लागल्या आणि आमच्या भागात करारावर वाइनची द्राक्षं लावायची एक लाट आली. अण्णांनी २००५ मध्ये एक एकर लावली. खाण्याच्या द्राक्षाचा मणी १८ एमएमच्या रिंगेतून गेला नाही तर खरा, ही आमची आयुष्यभराची शिकवण. वाइनच्या द्राक्षाचा मणी वाटाण्याएवढा, आत बी, साल जाड. शेजारचे बघायला यायचे आणि हसायचे. आणि गावात दुसरी कुजबुज होती, की माळ घालून दारूची द्राक्षं लावली. त्या वर्षी सप्ताहात अण्णा मागे बसायला लागले. पुढे कोणी बसू नका म्हणालं नव्हतं, त्यांचे तेच बसले.

आमचा माल एका छोट्या वाइनरीला जायचा. सुरुवातीचे हंगाम बरे गेले. मग २००८ ची मंदी आली, वर्षाअखेरीला मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, वाइनचा खप बसला. २०१० च्या हंगामात त्या वाइनरीने माल उचलायला आज-उद्या केलं. साखर चढत गेली, मणी सुकायला लागले. शेवटी निम्मा माल उचलला, त्याचे पैसे दोन वर्षं हप्त्याहप्त्याने आले आणि शेवटचा हप्ता आलाच नाही. तालुक्यात अनेकांनी तेव्हा वाइनच्या बागा उपटल्या. आमची बाग अण्णांनी जेसीबी न लावता स्वतः तोडली, कुऱ्हाडीने, मी सुट्टीला गेले होते तेव्हा. त्या जागी खाण्याचं थॉमसन लावलं. वाइनचं नाव घरात परत निघालं नाही.

इतके हंगाम ते पीक काढूनही अण्णांनी वाइन कधी पाहिलीच नव्हती. ट्रॅक्टर वजनकाट्यावरून आत जायचा आणि रिकामा बाहेर यायचा.

नवऱ्याने ती शेनिन ब्लां घेतली. प्लास्टिकचा छोटा पेला, तळाशी दोन-तीन घोट. त्याने तो माझ्या हातात दिला आणि मी तशीच उभी राहिले. वडिलांसमोर मी कधी वाइन प्यायले नव्हते, पितेय हे त्यांना सांगितलंही नव्हतं. अण्णा म्हणाले, "तुला प्यायची तर पी. आधी मला जरा वास घेऊ दे."

आई म्हणाली, "अहो, पितृपंधरवडा आहे."

"वासाला काय होतंय."

त्यांनी पेला दोन्ही हातांत घेतला, तीर्थाची वाटी धरतात तसा. आधी उजेडात धरून पाहिला. रंग गवताच्या वाळक्या काडीसारखा, पिवळसर. मग नाकाशी नेला. डोळे मिटले. मागे एका कुटुंबाची ढकलगाडी आमच्या पायांना लागत होती, बाजूला कुणीतरी भात सांडला होता, अण्णांना त्याचं काही नव्हतं. बऱ्याच वेळाने म्हणाले, "पेरू. पिकलेला पेरू आहे यात." पुन्हा वास घेतला. "आणि शेवटच्या आठवड्यात बागेत शिरलं की येतो ना, सकाळी, दव असताना, तो."

मी प्यायले. गोडसर होती, गार, आणि पेरू खरंच होता. नाशिकची ही वाइन मी त्याआधीही प्यायले होते, पुण्यात, मैत्रिणींबरोबर. पेरू कधी सापडला नव्हता.

अण्णांनी स्टॉलमागच्या पोराला खुणेने बोलावलं. त्याच्या बिल्ल्यावर, तिथे सगळ्यांच्याच असतं तसं, नावाखाली गाव लिहिलेलं होतं. ते भारतातलं नव्हतं. अण्णांनी फळ्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीकडे. "नाशिक," म्हणाले. "ग्रेप्स. फार्मर." त्या पोराला कळलं. तो काउंटरमागून बाहेर आला, अण्णांशी हात मिळवला आणि मुलीच्या पासपोर्टात भारताच्या पानावर स्टिकर स्वतः लावून दिलं. मी फोटो काढायला हवा होता, पण पेला माझ्या हातात होता.

रात्री नऊला तळ्यावर आतषबाजी होती. वीस वर्षं चाललेला तो खेळ त्याच महिन्यात संपणार होता, म्हणून मंगळवार असूनही काठावर गर्दी होती. पाण्यावरून पृथ्वीचा मोठा गोल आला, त्यावर खंडं उजळली, आणि शेवटी तो गोल पाकळ्या सुटाव्यात तसा उमलला. मुलगी आजोबांच्या मांडीवर झोपून गेली होती.

गाडीकडे चालताना अण्णांनी काकांना फोन लावला. तिकडे सकाळचे सात वाजले होते. आधी पावसाचं विचारलं, रिमझिम होती. मग म्हणाले, "आप्पा, इथं फळ्यावर नाशिक लिहिलंय. वाइन विकतात आपल्याकडची. सगळ्या देशांची माणसं रांगेत उभी राहून घेतात."

फोन स्पीकरवर होता. पलीकडे थोडी शांतता, मग काकांचा आवाज आला. "भाव काय?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, पाच-सहा डॉलर, चारशे रुपये धरा.

"बाटलीला?"

"पेल्याला. दोन-तीन घोट असतात."

"अन् आपल्याला किलोला काय देत होते, आठवतंय का?"

"आठवतंय," अण्णा म्हणाले. गाडीजवळ पोहोचेपर्यंत दोघंही काही बोलले नाहीत. मग काकांनी विचारलं, विहिरीकडच्या प्लॉटची छाटणी पाच तारखेला धरायची का दहाला, आणि अण्णा म्हणाले, मी येतो, मग बघू, काडी पिकलीय का ते आधी बघ.