बर्फ मिळाला तर मिळाला

सोमवार, रात्री

संक्रांतीनंतर तीन-चार दिवस दोघांनीच कुठेतरी कडाक्याच्या थंडीत जाऊन यायचं, एवढं दिवाळीतच ठरलं होतं. कुठे, ते अजून ठरत नाही. आज लेकीने बंगळुरूहून फर्मान काढलं, "औलीला जा, स्कीइंग शिका, काहीतरी नवीन करा." तिच्या बाबांचा उजवा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो आणि मला लहानपणी बागेतली घसरगुंडीसुद्धा आवडायची नाही. पायाला दोन फळ्या बांधून स्वतःला उतारावर सोडून द्यायचं आमचं वय राहिलेलं नाही. खरं तर ते कधी आलंच नव्हतं.

पण स्कीइंग वगळलं की लोक जे करतात, तेही मला नको आहे. मनालीला जायचं, सोलंगच्या वाटेवरच्या दुकानात भाड्याचा कोट आणि गमबूट चढवायचे, वर एक पोरगा खांद्याला धरून स्कीवर पंधरा पावलं चालवतो, फोटो काढायचा, पैसे द्यायचे, खाली यायचं. जाऊबाईंचा असा एक फोटो आहे. निळ्या कोटाच्या बाह्या बोटांच्याही खाली आलेल्या, चेहऱ्यावर परीक्षेचा पेपर हातात पडल्यासारखे भाव. दिवसाचे सहा तास गाडीत गेले, बर्फात जेमतेम अर्धा तास, हे त्यांनीच सांगितलं.

मंगळवार

औली बाद. जोशीमठहून वर जाणारा रोपवे २०२३ साली गावातली जमीन खचली तेव्हा बंद झाला, आणि ऋषिकेशहून जोशीमठपर्यंतच अख्खा दिवस घाटात जातो. गुलमर्गचा विचार मात्र खूप वेळ केला. २१ डिसेंबरपासून काश्मीरमध्ये चिल्लई कलान, म्हणजे चाळीस दिवसांची सगळ्यात कडक थंडी. तेव्हा श्रीनगरमध्ये सकाळी सकाळी हरिसा, म्हणजे रात्रभर शिजवलेलं घोटीव मटण, खायला लोक रांगा लावतात, फेरनच्या म्हणजे लांब झग्याच्या आत कांगडी, निखाऱ्यांची टोपली, धरून बसतात. हे सगळं मला बघायचंय. पण काश्मीरचं नाव काढलं की सासूबाई गप्प होतात. पहलगामनंतर त्या गप्प बसण्याशी वाद घालावा असं मला वाटत नाही. पुढे कधीतरी.

मग नवरा म्हणाला, "अगं, शिमला?"

मी हसले. शिमला म्हणजे आमच्या आधीच्या पिढीचा हनीमून. पण रात्री पडल्या पडल्या विचार करत गेले तसं वाटायला लागलं की आमच्यासारख्यांना हेच बरं. मॉल रोडवर सामान्य गाड्यांना बंदी आहे. म्हणजे हिमालयात असूनही टॅक्सीत न बसता दिवस काढता येईल. मला मुळात तेवढंच हवंय.

बुधवार

विमानाने चंदीगड, रात्री तिथेच मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी कालकाहून छोटी गाडी. त्याच दिवशी गाडी पकडायचा मोह टाळला, कारण जानेवारीतलं धुकं. विमान तीन तास उशिरा आलं की पुढचं सगळं कोसळतं. आणि ही गाडी चुकवायची म्हणजे अर्धी सहल चुकवण्यासारखं आहे. १९०३ साली सुरू झालेला अडीच फुटी रूळ, शंभरावर बोगदे, ९६ किलोमीटरला पाच तासांहून जास्त. कालका साडेसहाशे मीटरवर आणि शिमला दोन हजारांच्या वर, म्हणजे वाटेत झाडं बदलताना दिसणार, आधी खालची झुडपं, मग चीड, मग देवदार. युनेस्कोने २००८मध्ये या मार्गाला जागतिक वारशात घेतलं. बडोगचा बोगदा सगळ्यात लांब, अकराशे मीटरच्या वर. बडोग नावाच्या इंग्रज इंजिनिअरने तो आधी दुसऱ्या जागी दोन्ही बाजूंनी खणायला घेतला आणि टोकं जुळलीच नाहीत, म्हणून त्याला एक रुपया दंड झाला आणि त्याने जीव दिला, अशी गोष्ट तिथे सांगतात. नवऱ्याने सगळं आयुष्य बांधकामाच्या साइटवर काढलं आहे. तो ही गोष्ट ऐकून बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "एक रुपया फारच लागला असेल त्याला."

परतीला मात्र टॅक्सी. तेवढं चालेल.

गुरुवार

आज खरं भांडण झालं, अर्थात आमच्या पद्धतीचं, चहा पीत. त्याला बर्फ हवाय. पडताना बघायचाय. मला शिमल्याचं स्केटिंगचं मैदान बघायचंय. लक्कड बाजाराजवळ उघड्यावरचं मैदान आहे, रात्री त्यावर पाणी सोडतात आणि ते थंडीनेच गोठतं. सकाळी आणि संध्याकाळी तिथली पोरं त्यावर घसरतात. आपण कठड्याला टेकून बघायचं, हातात काहीतरी गरम.

गंमत म्हणजे या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरी आहेत. मैदान गोठायला रात्री आकाश निरभ्र लागतं. ते पुण्यातही कळतं, आभाळ स्वच्छ असलं की पाषाणला पारा खाली येतो, ढग आले की थंडी पळाली. शिमल्याचा बर्फ येतो तो पश्चिमी झंझावाताबरोबर, म्हणजे ढग घेऊन. मग मैदानावर बर्फ साचतो, तो उपसत बसावा लागतो, किंवा ऊब येते आणि पाणी गोठतच नाही. त्यामुळे तिथल्या आपल्या तीन-चार दिवसांत एकाची इच्छा पुरी होईल, दुसऱ्याची राहील. हे त्याला समजावलं तर म्हणतो, "म्हणजे तुला हवं ते व्हायची शक्यता जास्त." तसं असेलही. नाताळला बर्फ हवा म्हणून लोक दुप्पट भाडं भरून जातात, आणि शिमल्यात तेव्हा बहुतेकदा लख्ख ऊन असतं. बर्फाचे दिवस जानेवारी-फेब्रुवारीतले, तेही हमी नसलेले. बर्फ पडलाच पाहिजे असं धरून गेलो तर कोरड्या दिवशी आपण गाडीत बसून त्याच्या मागे धावणार, कुफ्रीच्या चिखलात घोड्यावर बसणार, आणि पुन्हा जाऊबाईंचा फोटो.

म्हणून तोडगा असा निघाला: गाडीचा दिवस एकच. तो आधी ठरवायचा नाही, आदल्या रात्रीचं हवामान बघून ठरवायचा. शिमल्यात कोरडं असेल आणि रस्ता मोकळा असेल तर नारकंडा, साठ-पासष्ट किलोमीटर, सत्तावीसशे मीटरवर, तिथे बर्फ मिळायची आशा जास्त. वर हाटूचा रस्ता थंडीत बंदच असतो, तो सोडूनच द्यायचा. आणि शिमल्यातच बर्फ पडला तर उलट खाली उतरायचं, तत्तापानीला. सतलजच्या काठचे गरम पाण्याचे झरे. मूळची कुंडं कोल धरणाच्या फुगवट्यात गेली, पण गरम पाणी आहे, आणि गुडघ्याला ते आवडेल. संक्रांतीला तिथे स्नानाची मोठी गर्दी आणि खिचडी असते. आपण नंतर जातोय ते बरंच.

शुक्रवार

बाकीचे दिवस काय करणार, असं लेकीने विचारलं. चालणार. बसणार. व्हाइसरॉयचा वाडा बघणार, १८८८चा. १९४५ची शिमला परिषद तिथेच झाली. पुढे राधाकृष्णन यांनी तो अभ्यासकांना देऊन टाकला, हे मला फार आवडतं. बांधणारा हेन्री आयर्विन, त्यानेच नंतर म्हैसूरचा राजवाडा उभा केला. दोघांचे फोटो शेजारी शेजारी ठेवले तर विश्वास बसत नाही. मग रिज. त्या मैदानाखाली शहराच्या पाण्याची मोठी टाकी आहे, आणि रिजच्या एका उताराचं पाणी सतलजमार्गे अरबी समुद्राकडे, दुसऱ्याचं यमुनेमार्गे बंगालच्या उपसागराकडे जातं. महाबळेश्वरला सावित्री आणि कृष्णा पाहून मोठे झालेल्यांना हे नवीन नाही, पण तिथे उभं राहून दोन्हीकडे बघायला मजा येईल. जाखूच्या मारुतीला रोपवेने. चष्मा खिशात, कारण माकडं. आणि सिड्डू, म्हणजे तिथली वाफवलेली, सारण भरलेली रोटी, तुपात बुडवून, रोज.

दुपारी हॉटेलांना फोन केले. खोलीतून डोंगर दिसतो का, हे विचारायची गरज नसते, ते आपणहून सांगतात. विचारायचं ते वेगळंच. हीटरचे पैसे वेगळे का, गरम पाणी किती वाजेपर्यंत, वीज गेली तर जनरेटरवर हीटर चालतो की फक्त दिवे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडी सोडते तिथून खोलीपर्यंत पायऱ्या किती. शिमल्यात "बस पाँच मिनट, मैडम" याचा अर्थ उभा चढ असू शकतो. कार्ट रोडवरून मॉलला लिफ्ट आहे, सामानाला हमाल मिळतात, पण पुढच्या पायऱ्या आपल्याच. एक जण पायऱ्यांच्या प्रश्नावर इतका वेळ गप्प राहिला की मला उत्तर मिळालं. दुसरा म्हणाला, मोजून सांगतो.

रविवार

तिकिटं काढली. रथसप्तमीच्या आत परत यायचं, कारण सासूबाईंचं हळदीकुंकू राहिलंय आणि वाण आणायची जबाबदारी माझ्यावर आहे. लक्कड बाजारातून लाकडी लाटणी आणते म्हटलं, तर त्या म्हणाल्या, किती जड होईल ते. बघू. नवऱ्यासाठी काठी तिथेच घ्यायची, सकाळी रस्त्यावर गोठलेलं पाणी दिसत नाही म्हणतात. त्याला ती म्हातारपणाची वाटते. शिमल्यात सगळेच घेतात, असं मी सांगितलंय. खरं की खोटं, मला माहीत नाही.

मोजून सांगणाऱ्या हॉटेलवाल्याला अर्धेच पैसे आगाऊ पाठवलेत. आकडा आला की उरलेले.