कुकिंग शोची ऑडिशन, नंबर २१४ आणि दगड झालेला कीस

परवा टीव्हीवर पुन्हा त्या शोची पट्टी सरकली, ऑडिशन सुरू म्हणून, आणि भाचा म्हणाला मामा तू गेला होतास ना, कसं असतं रे? तर एकदाचं लिहूनच टाकतो. शोचं नाव घेत नाही. हिंदीतला आहे, मोठा आहे, एवढं पुरे.

फॉर्म ऑनलाइन भरला, फोटो टाकले, आठ-दहा दिवसांत फोन आला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. फोटो दिवसाच्या उजेडात काढा फक्त, ट्यूबलाइटखाली वरणसुद्धा आजारी दिसतं.

ऑडिशन इंदुरातच, एका हॉटेलच्या हॉलमधे, रविवारी सकाळी ८ ला हजर. पदार्थ घरून करून न्यायचा, तिथे फक्त प्लेट सजवायला ५ मिनिटं. मी भुट्ट्याचा कीस नेला. सराफ्यात रात्री सोन्याची दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांसमोर मिळतो तो नाही, आमच्या घरचा. ऑगस्ट होता, कोवळे भुट्टे मिळत होते, पहाटे ४ ला उठून किसणीवर किसले (मिक्सर लावू नका, पिठलं होतं), साजूक तूप, मोहरी, हिंग, हिरवी मिरची, मग दूध घालून मंद आचेवर हलवत बसलो, आणि बाबा शेजारी उभे राहून चुका काढत होते. रविवारचा कीस आमच्याकडे बाबाच करतात, मी त्यांच्याकडूनच शिकलो.

तर नंबर मिळाला २१४. सकाळी ८ ला पोचलेला माणूस मी, माझी पाळी आली दुपारी ४ वाजून ४० मिनिटांनी!

आता कीस म्हणजे गरम खायची गोष्ट आहे हो. गार झाला की तूप थिजतं, मका घट्ट होतो, चमचा उभा राहतो. हॉलमधे दोन मायक्रोवेव्ह होते, त्यांची वेगळी लाइन, आणि त्या लाइनीत उभं राहिलं की इकडे आपला नंबर पुकारतील ही भीती. ३० नंबरवाल्याचा पुलाव वाफाळता आत गेला, माझा डबा तोपर्यंत वीट. मग हे जज करणार काय, माझा हात की माझा नंबर? मास्टरशेफ ऑस्ट्रेलियात जज ओट्यांवर फिरता फिरताच गरम गरम चाखून घेतात असं तिथल्या स्पर्धकांनीच सांगितलंय, कारण कॅमेऱ्यासमोर प्लेट येईपर्यंत ती गार झालेली असते. आमच्याकडे कसलं फिरणं आणि कसलं चाखणं.

२१३ नंबरच्या काकू रामबागेतल्या. अळूवडी आणली होती, घडी अशी घट्ट की एक पदर सुटलेला नाही. वाट बघून बघून त्यांनी मला दोन खायला दिल्या, गार, आणि तरी काय चव! चिंच-गुळाचं प्रमाण असं की मी गप्पच बसलो. म्हणून सांगतो, जाणार असाल तर गारही चांगलं लागेल असंच न्या, श्रीखंड, अळूवडी, असलं काहीतरी. आणि पाणी घरून न्या.

मधे मधे कॅमेरावाला यायचा, सगळे उठा, टाळ्या वाजवा, ओरडा. दोनदा आम्हाला दारातून आनंदाने पळत बाहेर यायला लावलं. निकाल नाही, पदार्थ अजून डब्यात, पण आनंद शूट झालेला!

मग एक मुलगी पॅड घेऊन आली. "सर, आपकी स्टोरी क्या है?" मी म्हटलं अकाउंट्समधे आहे, स्वयंपाक आवडतो. तिचा चेहराच पडला. घरी विरोध असेल ना, मुलगा असून किचनमधे म्हणून? म्हटलं नाही हो, बाबाच शिकवतात. नोकरी सोडणार का? नाही. पेन थांबलं, मग बाबांवर परत आली, तब्येत कशी आहे त्यांची, वय किती, बायपास झालीय हे माझ्या तोंडून निघून गेलं आणि ती भराभर लिहायला लागली. तिचा तरी काय दोष. २०१० च्या पहिल्या मास्टरशेफ इंडियाच्या विजेत्या पंकज भदौरिया म्हटलं की आपल्यालाही लखनौच्या शिक्षिका, नोकरी सोडून आल्या, हेच पहिलं आठवतं. डिश आठवते का? काकूंना तिने दोन मिनिटांत सोडलं. मुलं सेटल, नवरा पेन्शनर, सगळं ठीक. काय लिहिणार बिचारी.

सहीचे कागद नीट वाचा. मी अकाउंटवाला, वाचल्याशिवाय सही करत नाही, मागचे लोक कुरकुरले तरी. त्यात होतं की एडिटिंग आणि निवड दोन्हींत प्रोडक्शनचा शब्द. हे काही चोरून नाही, अमेरिकेतल्या टॉप शेफच्या शेवटच्या पाट्यांत पण यायचं की जज निर्मात्यांशी बोलून निकाल ठरवतात. पण तिथे निदान पाटी येते, इथे हॉलभर "सिर्फ स्वाद जीतेगा" चे बॅनर लावून कागदात बारीक अक्षरात हे!

आत गेलो. जजने कीस चमच्याने टोचला, एक घास खाल्ला, आणि पहिला प्रश्न, "पिताजी अब कैसे हैं?" मी पास झालो. काकू नाही झाल्या.

लगेच स्पीकरवर घरी फोन लावायला लावला, कॅमेरा तोंडावर, आता रडा. बाबा म्हणाले, "घेतलं? अरे तो तर दगड झाला असेल ना?" ते दाखवलं नाही अर्थात.

मला आनंद झाला का? झाला, खोटं कशाला बोलू, गल्लीत पेढे वाटले. मुंबईच्या राउंडला पहिल्याच दिवशी बाहेर, फोडणी करपवली, तक्रार नाही.

निघताना पार्किंगपाशी काकू भेटल्या होत्या. अळूवडीचं प्रमाण मागितलं. डबा पिशवीत घालत म्हणाल्या, "नाही रे बाबा, तू टीव्हीवर सांगशील."