बॉब मार्शलच्या जंगलात सहा पोरं, एक करवत आणि एक चर

ऑगस्टा गाव मागे पडलं की बेंचमार्क ट्रेलहेडपर्यंत, म्हणजे जिथून जंगलातली पायवाट सुरू होते तिथपर्यंत, नुसता कच्चा रस्ता आहे, व्हॅन धुळीने पांढरी झालेली आणि मागच्या सीटवर सहा पोरं, सगळी 16 ते 18 वर्षांची, फोन वर धरून रेंज शोधतायत. रेंज कधीच गेली होती. पुढचे 14 दिवस ती येणारही नव्हती. मी आणि माझी को-लीडर पुढे बसून फक्त ऐकत होतो, कारण हा शेवटचा तास मला फार आवडतो, अजून कुणी कुणाला नीट ओळखत नसतं आणि सगळे जरा जास्तच मोठ्याने बोलत असतात.

आमचं काम होतं पायवाटा मोकळ्या नि दुरुस्त करायचं, अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, बॉब मार्शल वाइल्डरनेस या राखीव जंगलात. 10 लाख एकरांहून थोडा जास्तच पसरलेला हा मुलूख, आत एकही रस्ता नाही, आणि 1964 च्या वाइल्डरनेस कायद्यामुळे इंजिनही नाही नि चाकही नाही. म्हणजे चेनसॉ विसरा, माती वाहायला साधी ढकलगाडीसुद्धा चालत नाही. अवजारं नि धान्याच्या पेट्या खेचरांच्या पाठीवरून येतात, बाकी सगळं आपल्या पाठीवर. ज्याच्या नावाने हे जंगल आहे तो बॉब मार्शल 38 व्या वर्षीच गेला, पण जिवंत होता तोवर एकेका दिवसात 30-30 मैल सहज चालायचा, हे मी पहिल्याच चढावर पोरांना सांगितलं तेव्हा एकाने पाठीवरची सॅक खाली टाकली आणि म्हणाला, त्याच्याकडे पहार नव्हती ना पण!

पहिले चार दिवस नुसती झाडं. जुन्या वणव्यात जळालेले पाइन वाटेवर आडवे पडलेले असतात, शंभर पावलं जात नाही तोवर पुढचं. ते कापायला दोघांनी दोन टोकांनी ओढायची लांब करवत, क्रॉसकट. हिचं एक गुपित आहे, फक्त ओढायचं, ढकलायचं नाही, आपली ओढ संपली की हात सैल सोडायचा आणि समोरच्याला ओढू द्यायचं. ढकललं की पातं वाकतं आणि लाकडात अडकतं. ऐकायला सोपं वाटतं पण 17 वर्षांच्या पोराला हात सैल सोड म्हणून सांगणं किती अवघड आहे ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. दोन दिवस नुसती झटापट, आणि मग तिसऱ्या दिवशी दुपारी अचानक आवाज बदलला, खरखर गेली आणि एक लांब लयीतला सूर लागला, खाचेतून भुशाऐवजी शेवयांसारख्या लांब लांब पट्ट्या बाहेर पडायला लागल्या, आणि करवत धरलेले दोघंही एकदम गप्प झाले. तो आवाज मला आजही झोपेत ऐकू येतो.

दुसरं लाडकं अवजार म्हणजे पुलास्की, एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळीसारखं आडवं पातं. एड पुलास्की या रेंजरच्या नावावरून ते नाव पडलं, 1910 च्या आयडाहोतल्या भयंकर वणव्यात त्याने आपल्या बहुतेक माणसांना खाणीच्या बोगद्यात नेऊन वाचवलं होतं. ही गोष्ट मी दर हिचला, म्हणजे जंगलातल्या कामाच्या दर फेरीला, सांगते. क्रू घेऊन जंगलात जाणाऱ्या माणसाने ती विसरूच नये असं मला मनापासून वाटतं.

संध्याकाळी सगळं अन्न, टूथपेस्टसकट, झाडावर टांगायचं, जमिनीपासून 10 फूट वर आणि खोडापासून 4 फूट लांब, कारण हा ग्रिझली अस्वलांचा मुलूख आहे. एक मुलगा दोरी ओढता ओढता म्हणाला की मी स्टायपेंडचे पैसे आईला पाठवणार आहे. मी त्याला सांगितलं, 1933 ते 1942 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या सीसीसी, म्हणजे बेकार तरुणांना जंगलात काम देणाऱ्या सरकारी योजनेच्या, कॅम्पमधली तुझ्याच वयाची पोरं महिन्याला 30 डॉलर कमवायची आणि त्यातले 25 साधारण घरीच जायचे, आणि देशातल्या किती तरी वाटा त्यांच्याच हातच्या आहेत. तो बराच वेळ काही बोलला नाही, पण दोरीची गाठ मात्र दोनदा तपासली.

आता खरी गोष्ट. पाचव्या दिवशी आम्ही एका उतारावर आलो, तिथे पावसाच्या पाण्याने वाटेचीच ओघळ केली होती, गुडघाभर खोल. वाटेचा खरा शत्रू पाणी. माणसांच्या नि खेचरांच्या पायांनी वाट खोलगट होते, मग पाणी तिच्यातूनच धावतं आणि माती घेऊन जातं. त्यावर उपाय वॉटर बार, म्हणजे एक जाड ओंडका वाटेत तिरका पुरायचा, निम्म्याहून जास्त जमिनीत, पाणी त्याला लागून कडेला वळतं आणि उतारावरून निघून जातं. तिरका, साधारण 45 ते 60 अंशांत. मी हे समजावलं होतं. पण पोरांनी दिवसभर घाम गाळून तो जवळपास सरळ आडवा पुरला, दगड ठोकून पक्का केला आणि मोठ्या अभिमानाने आम्हाला दाखवायला बोलावलं.

चुकलंय हे सांगायचं अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. को-लीडरने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे, आणि आम्ही दोघींनी फक्त विचारलं, पाणी कुठून जाईल असं वाटतं? त्यांनी दाखवलं. ठीक आहे म्हटलं. आकाश पश्चिमेकडून काळं होत चाललं होतं आणि मला माहीत होतं की माझ्यापेक्षा पाऊस जास्त चांगलं शिकवेल. बरेच लीडर दिवसाला किती ओंडके, किती चर याचा हिशोब ठेवतात आणि पोरांच्या हातातून कुदळ काढून घेतात, मला ते पटत नाही, काम होतं पण पोरं तिथे नसल्यासारखीच होतात.

रात्रभर झोडपलं. तंबूत पडल्या पडल्या मला त्या ओंडक्याचीच काळजी. सकाळी रेनकोट घालून सगळे तिथे पळाले. ओंडक्यामागे खडी नि गाळ तुडुंब भरलेला, पाणी वरून उडी मारून गेलेलं आणि पलीकडे नवा खड्डा. कुणीच काही बोलेना. मग आठवडाभर जिने दहा वाक्यं पण बोलली नव्हती ती मुलगी गुडघ्यावर बसली, आपली पाण्याची बाटली उघडली आणि वाटेवर हळूच थोडं पाणी ओतलं, ते कुठे जातं ते बघितलं, परत ओतलं. गाळात बोटाने एक तिरकी रेघ काढली आणि म्हणाली, इथून. ते पाणी बघा ना, त्याला इथूनच जायचंय.

पूर्ण दिवस लागला तो ओंडका उखडून परत पुरायला. पहार चार जणांनी धरली. ओंडका तर तिरका केलाच, शिवाय कडेला पाणी बाहेर पडायचं तोंड फावड्याने चांगलं रुंद केलं, कारण तोंड अरुंद राहिलं की पाला अडकून परत तेच. कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर दोन वेळा पाऊस झाला. दोन्ही वेळा सगळे जेवण सोडून तिकडे गेले.

चौदाव्या दिवशी परत निघालो तेव्हा सगळे थकलेले, बर्गर की पिझ्झा यावर वाद चाललेला. त्या उतारावर आलो तर बाहेरच्या तोंडाशी पाइनच्या सुया साचल्या होत्या. ती मुलगी पिझ्झ्याची बाजू लढवत होती, बोलणं न थांबवता तिने बुटाच्या टाचेने त्या सुया बाजूला सारल्या, एकदा, दोनदा, तोंड मोकळं झालं तसं ओंडका ओलांडला आणि पुढे गेली. व्हॅन अजून तीन मैल लांब होती.