लग्नाच्या खरेदीतील टक्केवारी: माझा अनुभव

पुतण्याच्या लग्नाचा सगळा हिशेब घरच्यांनी माझ्यावर सोपवला, तेव्हा सूट, कर, वाढ आणि घडणावळ असे टक्के चहूबाजूंनी अंगावर आले. प्रत्येक ठिकाणी मी एकच प्रश्न आधी विचारायचे ठरवले: हे टक्के नेमके कशावर?

सोलापुरात आहेर म्हटला की चादर आलीच. छापील 600 रुपयांच्या 40 चादरी, म्हणजे 24,000 रुपयांचा माल घ्यायचा होता. नवी पेठेतील एका दुकानात 20 टक्के सूट आणि वर आणखी 10 टक्के मिळत होते, तर दुसऱ्या दुकानात सरसकट 30 टक्के. वहिनींच्या मते दोन्ही सारखेच होते. दहा टक्के काढायला कागद लागत नाही, शेवटचे शून्य झाकले की काम भागते: 24,000 चे दहा टक्के 2,400, त्याची दुप्पट 4,800, उरले 19,200. वरची सूट मात्र या उरलेल्या रकमेवर होती, त्यामुळे ती 1,920 रुपयांचीच भरली आणि देणे 17,280 झाले. म्हणजे एकूण सूट 28 टक्के. दुसऱ्या दुकानात तोच माल 16,800 रुपयांना पडला.

या 16,800 मध्ये 5 टक्के जीएसटी धरलेला होता. धाकट्या भावाने त्याचे पाच टक्के काढून 840 सांगितले, बिलात मात्र 800 होते आणि बिलच बरोबर होते. कर मूळ किमतीवर लागतो. मूळ किंमत 100 धरली तर हाती येणारी रक्कम 105 होते, म्हणून 16,800 ला 105 ने भागून 5 ने गुणायचे, किंवा सरळ 21 ने भागायचे.

केटररने ताटाचा भाव 200 वरून 250 केला होता. ही वाढ 25 टक्क्यांची. पण जुन्या भावावर परत यायचे तर 250 वर 20 टक्केच कमी करून मागावे लागतात. तो काही तयार झाला नाही, हा भाग वेगळा.

सर्वांत फसवा हिशेब सोन्याचा. एका पेढीवर ‘घडणावळीवर 50 टक्के सूट’ अशी मोठी पाटी होती. एक लाखाच्या सोन्यावर 16 टक्के घडणावळ आणि या दोन्हींच्या बेरजेवर 3 टक्के जीएसटी धरला, तर सुटीविना 1,19,480 होतात. घडणावळ निम्मी केल्यावर 1,11,240 झाले. म्हणजे पाटीवरचे पन्नास टक्के पूर्ण बिलाच्या मानाने सात टक्केही भरले नाहीत. शेजारच्या पेढीवर सूट वगैरे काही नव्हती, पण घडणावळ मुळातच 8 टक्के होती, आणि तिथेही बिल 1,11,240 रुपयांचेच होत होते.