आडनाव विचारून दिलेले घर

रविवार

कार्यालयातल्या माझ्या तरुण सहकारिणीसाठी पुण्यात भाड्याचे घर शोधण्याचे काम आज एकदाचे संपले. ती मूळची नांदेड जिल्ह्यातली. पगार चांगला, डिपॉझिटची तयारी, पोलीस पडताळणीचे कागदही हाताशी, आणि तरीही तिला घर मिळत नव्हते. त्याचे कारण तिने कधी बोलून दाखवले नाही. ते मी तिच्यासोबत फिरताना पाहिले.

एका ठिकाणी सगळे ठरत आले होते. एजंटाने नळ सोडून दाखवला, गॅलरीचे दार पावसाळ्यात कुठे अडकते तेही सांगितले आणि बोलणे अकरा महिन्यांच्या कराराच्या तारखेपर्यंत गेले. मग वहीत लिहून घेण्यासाठी त्याने पूर्ण नाव विचारले आणि आडनाव ऐकताच त्याचे पेन थांबले. 'गाव कोणते?' हा पुढचा प्रश्न, आणि त्यानंतर आवाज थोडा खाली आणून, 'म्हणजे तुमच्यात कोण?' तिने शांतपणे सांगितले. संध्याकाळी माझ्या फोनवर निरोप आला, 'ताई, मालकांचा भाचा राहायला येतोय.' त्या घराची जाहिरात अजूनही तशीच आहे.

आपले घर कोणाला द्यावे हे ठरवण्याचा अधिकार मालकाला असतो आणि माणसाची पारख करून घेण्यात गैर काहीच नाही, हे मला मान्य आहे. भाडे थकवणारा किंवा शेजाऱ्यांना रात्री-अपरात्री त्रास देणारा भाडेकरू कोणालाच नको असतो. परंतु पारख करायची तर माणूस समोर बसवावा लागतो, त्याला चार गोष्टी विचाराव्या लागतात आणि त्याची उत्तरे ऐकून घ्यावी लागतात. आडनावावर जो निकाल लागतो त्यात त्या माणसाने आयुष्यात काय केले याचा संबंधच येत नाही, त्यामुळे त्याला 'माझे व्यक्तिगत मत' म्हणणे मला पटत नाही. शिवाय एकाच भागातल्या एकामागून एक मालकांचे व्यक्तिगत मत तंतोतंत सारखे निघते, तेव्हा ते व्यक्तिगत तरी कसे मानायचे? (मुसलमान ओळखीच्यांना तर नाव सांगितल्यावर घर पाहायलाही बोलावत नाहीत, हे मी अनेकदा ऐकले आहे.)

राज्यघटनेच्या १५व्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते यांचा उल्लेख आहे, भाड्याच्या घराचा नाही. मात्र १९५५ सालच्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणालाही कोणत्याही वस्तीत राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा आहे. अडचण अशी की ते कारण कोणी उच्चारतच नाही. १९१७ साली डॉ. आंबेडकर परदेशातले शिक्षण घेऊन बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना शहरात राहायला जागा मिळेना. पारशी सराईत पारशी नावाने उतरावे लागले आणि पुढे लाठ्या घेऊन आलेल्या माणसांनी त्यांना तिथूनही बाहेर काढले. त्यांनी स्वतःच हे लिहून ठेवले आहे. तिथे निदान कारण तोंडावर सांगितले गेले होते. आज लाठीच्या जागी भाचा येतो, आणि भाच्याविरुद्ध तक्रार कोणत्या पोलीस ठाण्यात करायची?

मला सर्वांत जास्त चीड येते ती 'मला स्वतःला काही नाही हो, पण सोसायटीतले लोक विचारतात' या वाक्याची. ते मी मालकांकडून ऐकले, एजंटाकडून ऐकले आणि एका सोसायटीच्या सचिवांकडूनही ऐकले. ज्यांच्या नावावर हे खपवले जाते ते 'लोक' प्रत्यक्षात मला कुठेच भेटले नाहीत.

शेवटी तिला घर मिळाले ते ओळखीतून, कार्यालयापासून बरेच लांब. जाण्यायेण्याचा वेळ आणि रिक्षाचा खर्च दर महिन्याला तिच्याच खिशातून जाणार आहे.

आईच्या पश्चात रिकामी पडलेली आमची दोन खोल्यांची जागा पुढच्या महिन्यात भाड्याने द्यायची आहे. भावाशी आज दुपारीच बोलले आणि एजंटाला काय सांगायचे ते ठरवून टाकले. नोकरी कुठे आहे, किती माणसे राहणार आहेत, आधीचे घर का सोडले आणि आधीच्या मालकांचा फोन क्रमांक काय, एवढेच त्याने विचारायचे. करारासाठी पूर्ण नाव लागेलच. ते होकार दिल्यानंतर लिहून घ्यायचे.