घाटावरून उतरलेला वारा

भूगोलाचे सर सायकलचा पंप घेऊन वर्गात आले तो दिवस फेब्रुवारी १९७७ मधला. आम्ही नववीत होतो. सरांनी पंपाच्या नळीचं तोंड अंगठ्याने घट्ट दाबून धरलं, दुसऱ्या हाताने दांडा आठ-दहा वेळा जोरात मारला आणि पंप माझ्यापुढे धरला. "बुडाला हात लाव बाय." मी हात लावला आणि चटकन मागे घेतला. बूड चांगलंच तापलं होतं.

"ह्यात विस्तव घातला होता?"

"नाही सर."

"मग ऊब आली कुठून?"

वर्ग गप्प. मी तर जास्तच गप्प, कारण त्या आठवड्यात विस्तव हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नव्हतं.

काजूच्या बिया वेचायच्या तर झाडाखालची जमीन स्वच्छ लागते. म्हणून हंगामाच्या आधी पालापाचोळा गोळा करून जाळायची गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात जुनी रीत. बाबांनी सकाळी आठच्या सुमारास एक ढीग पेटवला. तेव्हा पान हलत नव्हतं. नऊच्या आत घाटाकडून वारा सुटला आणि ढिगातला पेटता पाला उचलून पुढच्या झाडांवर गेला. दुपारपर्यंत मोहरलेली बावीस झाडं गेली. बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. आजी तेवढं म्हणाली, "घाटाचो वारो." जणू येऊन गेलेल्या माणसाचं नाव सांगावं तसं.

पुढच्या शनिवारी सरांनी बाबांची परवानगी घेऊन आख्खा वर्ग त्या डोंगरावर नेला. मला संकोच वाटत होता. आपल्या घरचं नुकसान सगळ्यांनी पाहावं असं कुणाला वाटेल? पण सरांनी नुकसानाबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्यांनी फक्त राख पाहायला सांगितली. एका बुंध्यापाशी आम्ही सगळे उकिडवे बसलो. पूर्वेकडच्या बाजूची साल करपून काळी झाली होती, पश्चिमेची जवळपास तशीच होती, आणि राखेचा एक लांब पट्टा पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने पसरला होता. वाऱ्याने मागे ठेवलेली ती खूण होती. दिशा इतक्या स्पष्टपणे लिहिलेली मी त्यानंतर कुठल्याच नकाशात पाहिली नाही.

तिथेच सरांनी तो प्रश्न विचारला. गावात सगळे म्हणतात, घाटावरची जमीन तापते, म्हणून तिकडून गरम वारा येतो. पण फेब्रुवारीत सकाळी बेळगावला माणसं स्वेटर घालून हिंडतात. तिथली हवा आपल्यापेक्षा थंड. मग थंड गावाहून निघालेला वारा आपल्याकडे गरम होऊन पोचतो कसा?

पंपाचा प्रयोग त्यानंतरच्या सोमवारचा. आधी राख, मग प्रश्न आणि शेवटी पंप, हा क्रम सरांनी मुद्दाम लावला होता हे मला स्वतः शिकवायला लागल्यावर उमगलं.

उंचावर हवेचा दाब कमी असतो, खाली जास्त. डोंगरावरून उतरणारी हवा जसजशी खाली येते तसतशी भोवतालच्या हवेकडून दाबली जाते, आणि दाबली गेली की पंपातल्या हवेसारखी तापते. बाहेरून कुणी उष्णता देत नाही. दर शंभर मीटरला जवळपास एक अंश, दर किलोमीटरला दहा. आमच्या डोक्यावरचा घाटमाथा सुमारे आठशे मीटर. सरांनी फळ्यावर मांडलं: वर २० अंश, आठशे मीटरच्या उताराचे ८ अंश, पायथ्याशी २८. एवढंच गणित. पण त्यात बाबांची बावीस झाडं होती.

कोरडेपणाही त्याच गणितातून निघतो. उतरताना हवेतली वाफ वाढत नाही, मात्र हवा तापल्यामुळे वाफ सामावून घेण्याची तिची क्षमता वाढते. वर ४० टक्के सापेक्ष आर्द्रता, म्हणजे क्षमतेच्या ४० टक्के वाफ, असलेली २० अंशांची हवा खाली २८ अंशांवर पोचेपर्यंत आर्द्रता २७ टक्क्यांच्या आसपास येते. अशी हवा मिळेल तिथून ओलावा ओढून घेते. काजूचा मोहर करपून गळतो, वहीची पानं कडेने वळतात, ओठ फुटतात. आई मात्र त्याच दिवशी पापड घालायची आणि ते संध्याकाळपर्यंत कडकडीत वाळायचे.

शाळेकडे तेव्हा दोन तापमापक होते. सरांनी एकाच्या फुग्याला मलमलीची पट्टी गुंडाळली, तिचं दुसरं टोक दौतीतल्या पाण्यात सोडलं आणि दोन्ही तापमापक ओसरीवर शेजारी शेजारी टांगले. पाणी उडून जाताना फुगा थंड होतो. हवा जितकी कोरडी, तितका दोन पाऱ्यांमधला फरक मोठा. प्रार्थनेनंतर दोन्ही पारे वाचून वहीत टिपायची पाळी असे. एरवी फरक तीन-चार अंशांचा असायचा. घाटाचा वारा सुटला की दहा-अकरा. पुढे पुढे आम्ही तापमापक न बघता सांगायला लागलो. आजीचंही एक म्हणणं त्या वहीत खरं ठरलं: ज्या रात्री घाटाचा वारा असतो, त्या रात्री थंडी पडत नाही. निवांत रात्री गार हवा दरीच्या तळाशी साचून राहते. वारा उतरला की ती ढवळली जाते.

आणि मग पुस्तकातली यादी. 'स्थानिक वारे, थोडक्यात माहिती लिहा.' फॉन, चिनूक, लू, बोरा, मिस्ट्रल. नाव, प्रदेश, उष्ण की थंड. परीक्षेला हमखास दोन गुणांचा प्रश्न. आम्ही ती यादी पाढ्यासारखी म्हणायचो. डोंगरावरून परत आल्यावर सरांनी यादीतल्या फॉन आणि चिनूक ह्या दोन नावांखाली खडूने रेघ मारली आणि म्हणाले, "हे दोघे तुमच्या घाटाच्या वाऱ्याचे भाऊ."

फॉन आल्प्समध्ये उतरतो. तिथले लोकही आमच्या गावासारखाच विचार करत होते. वारा गरम आणि कोरडा आहे, म्हणजे तो थेट सहारा वाळवंटातून येत असणार, असं मानणारे पुष्कळ होते. ऑस्ट्रियाचे हवामानशास्त्रज्ञ यूलियस फॉन हान ह्यांनी १८६६ मध्ये दाखवून दिलं की ही ऊब वाळवंटाची नाही, उताराची आहे. (त्यांच्या नावातला 'फॉन' वेगळा, वाऱ्याशी त्याचा संबंध नाही. आमच्या वर्गात ह्यावरून बराच गोंधळ झाला होता.)

आल्प्सचं गणित आमच्यापेक्षा थोडं लांब. समजा, डोंगराच्या दक्षिण पायथ्याशी २० अंशांची ओलसर हवा आहे. ती चढू लागली की शंभर मीटरला एक अंश ह्या दराने निवते. पाचशे मीटरवर ती १५ अंशांवर आली आणि ढग धरू लागले. आता वाफेचं पाणी होताना वाफेत दडलेली उष्णता बाहेर पडते, म्हणून पुढची चढण हवा किलोमीटरला जेमतेम सहा अंशांनी निवते. अडीच हजार मीटरच्या माथ्यावर ३ अंश. पाऊस अलीकडेच पडून गेला. पलीकडे मात्र कोरडी हवा पूर्ण दराने तापत उतरते: २५ अंशांची भर, पायथ्याशी २८. निघाली २० ला, पोचली २८ ला. वरचे आठ अंश अलीकडच्या पावसाचे.

हे मी पुढे तीस वर्षं विद्यार्थ्यांना शिकवलं, पण सोबत एक दुरुस्ती जोडून. अलीकडे पाऊस न पडताही फॉन सुटतो. कित्येकदा पायथ्याची जड, गार हवा डोंगराला अडून तिथेच राहते आणि माथ्याच्या पातळीवरची हवा पलीकडे खाली कोसळते. ती आधीच कोरडी असते, उतरताना तापते. आमचा फेब्रुवारीचा वारा ह्याच जातीचा. दख्खनवर तेव्हा कुठला आलाय पाऊस! वारा उतारावर एवढा जोर का धरतो, हे समजवायला मला वसंत बंधाऱ्यासारखं दुसरं उदाहरण मिळालं नाही. वरच्या बाजूला पाणी संथ असतं, माथ्यावर त्याचा थर पातळ होतो आणि पलीकडे ते वेगाने घसरून खाली फेसाळतं. डोंगरावरची हवासुद्धा वरच्या स्थिर थराखाली चेपली गेली की अशीच वागते.

चिनूक रॉकी पर्वताच्या पूर्व उतारावर येतो. बर्फ खाणारा म्हणून तो प्रसिद्ध. अमेरिकेत साउथ डकोटातल्या स्पिअरफिश गावी २२ जानेवारी १९४३ च्या सकाळी पारा उणे २० अंशांवरून दोन मिनिटांत ७ अंशांवर गेला. पुढे वारा थांबल्यावर तो अर्ध्या तासाच्या आत पुन्हा उणे २० अंशांवर आला आणि खिडक्यांच्या काचा तडकल्या. स्वित्झर्लंडमधलं ग्लारूस हे गाव मे १८६१ मध्ये एका फॉनच्या रात्री लागलेल्या आगीत निम्म्याहून अधिक जळून गेलं. त्या दऱ्यांमधून फॉन सुटला की आगीवर पहारा ठेवायची, उघड्यावर विडी-सिगारेट ओढू न द्यायची पद्धत होती. हे वाचलं तेव्हा बाबा हयात होते. मी त्यांना फोन करून सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे त्यांच्याकडेसुद्धा."

माझं लग्न होऊन मी बेळगावला गेले आणि सरांच्या प्रश्नातल्या त्या स्वेटरवाल्या गावाची झाले. केरी, चोर्ला, कणकुंबी, जांबोटी, बेळगाव ह्या वाटेवरून गेली चाळीस वर्षं माझी ये-जा आहे. ह्याच वाटेवर मला कळलं की घाट दोन ऋतूंत दोन तऱ्हेने वागतो. पावसाळ्यात वारा समुद्राकडून येतो. केरीला अंजुणे धरणापाशी धो धो पाऊस, चोर्ल्याला धुक्यात गाडीचं बॉनेट दिसत नाही, कणकुंबीला, जिथे मलप्रभा उगम पावते, तिथे दिवसचे दिवस झड. जांबोटी सोडली की सरी विरळ होतात आणि बेळगावात नुसती भुरभुर. आणखी पूर्वेला गोकाकच्या बाजूला तर आभाळाकडे डोळे लावून बसावं लागतं.

पर्जन्यछाया ती हीच. पण एक दिवस पावसाळी थंडीत शाल गुंडाळून बसले असताना मनात आलं, हा वारा डोंगर ओलांडून, पाऊस टाकून आलाय, मग इथे फॉनसारखी ऊब का नाही? उत्तर सरांच्याच गणितात होतं. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर आहे. वारा जिना चढतो, पण पलीकडे जिना नाही, गच्ची आहे. उतरायला मिळाल्याशिवाय वारा तापणार कसा? त्याला पुरतं उतरायला थेट पूर्व किनारा गाठावा लागतो. माझा मुलगा चेन्नईला असतो. मे-जूनमध्ये तिथे पठार ओलांडून पश्चिमेचा कोरडा वारा येतो, समुद्राचा वारा थोपवून धरतो आणि पारा चाळिशीपलीकडे जातो. आपल्या फेब्रुवारीचंच ते उलटं चित्र. मुलाला हे सांगताना माझ्या आवाजात सरांचा आवाज येत होता, असं तो म्हणतो.

गोव्यातही मुख्य त्रास ह्या थोपवण्याचाच. एरवी दुपार व्हायच्या आत खारे वारे सुटतात आणि पारा तिथेच अडतो. घाटाच्या वाऱ्याला जोर असला की खारे वारे येईपर्यंत तीन-चार वाजतात आणि तोवर ऊन चढत राहतं. म्हणून पणजीला मे महिन्यातल्या घामट दुपारीपेक्षा फेब्रुवारी-मार्चमधल्या एखाद्या कोरड्या दिवशी पारा जास्त वर असतो.

मार्च २०२३ मध्ये मी माहेरी होते. काजूचा हंगाम होता. त्या आठवड्यात उष्णतेमुळे राज्यातल्या शाळा दुपारी बाराच्या आत सोडायचा आदेश निघाला होता आणि म्हादई अभयारण्यात वणवे पेटले होते. हवाई दलाची आणि नौदलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकायला फिरत होती. आगी कशा लागल्या हा वेगळा प्रश्न. पण लागलेली आग कोण हाकत होतं, हे सकाळी अंगणात उभं राहिलं की गालाला कळत होतं. आग साधारणपणे चढणीला धावते. उतरणारा वारा असला की ती रात्रीसुद्धा खाली येते. रात्री डोंगरावर लाल माळ दिसायची आणि झोप लागायची नाही. आमच्या डोंगरावर आम्ही आता पाला जाळत नाही, खड्डे काढून कुजवतो. बाबांनीच १९७८ पासून सुरू केलं. शेजारच्या चार घरांनी नंतर तेच केलं. सत्तरीतल्या प्रत्येक घराने करावं, असं मला फार वाटतं. निदान सकाळी पूर्वेचा वारा असेल त्या दिवशी तरी कुणी काडी ओढू नये.

सर आता नाहीत. वाचनांची ती वहीही राहिली नाही. एका पावसाळ्यात कपाटात पाणी शिरलं होतं, असं मागे शाळेत गेले तेव्हा समजलं.

हीरक महोत्सवाच्या निमित्ताने मी शाळेला दोन तापमापक आणि शंभर पानांची एक आखलेली वही पाठवत आहे. वहीत रकाने आखून दिले आहेत: तारीख, वेळ, कोरडा पारा, ओला पारा, फरक, वाऱ्याची दिशा. तापमापक उत्तरेच्या ओसरीवर लावावेत, म्हणजे सकाळचं ऊन पडणार नाही, पण वारा लागेल. पट्टी मलमलीचीच घ्यावी आणि दर पंधरवड्याला बदलावी, कारण मळली की तिच्यात पाणी चढत नाही आणि ओला पारा खोटं सांगायला लागतो.