ट्रायकोमोनास ओळखायला शिकताना

पॅथॉलॉजी शिकताना पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींच्या स्लाइड, पाहायला लागले तेव्हा धास्ती होती ती कर्करोगाच्या पेशींची. वेळ मात्र जास्त खाल्ला ट्रायकोमोनासने. पुस्तकातल्या आकृतीत हा परजीवी नासपतीच्या आकाराचा, फ्लॅजेला (हालचालीसाठीचे शेपटीसारखे धागे) स्पष्ट दाखवणारा असतो. अल्कोहोलमध्ये फिक्स करून रंगवलेल्या स्लाइडवर तो मेलेला असतो: गोल किंवा लांबट, राखाडी-निळसर, साधारण 15 ते 30 मायक्रॉनचा. फ्लॅजेला बहुधा दिसतच नाहीत. शिवाय दाहामुळे तुटलेल्या पेशींचे तुकडे, श्लेष्म्याचे थेंब, झिजलेले न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) सगळीकडे पसरलेले, जवळपास त्याच रंगाचे.

शिकवणाऱ्या मॅडम एकच विचारायच्या, "न्यूक्लियस कुठंय? दाखव."

ट्रायकोमोनासचा न्यूक्लियस, म्हणजे केंद्रक, फिकट, लांबट आणि एका कडेला असतो. तो दिसल्याशिवाय नाव घ्यायचं नाही. हा नियम मला आधी फार कडक वाटे. पण हा लैंगिक संबंधातून पसरणारा संसर्ग आहे. रिपोर्टातल्या त्या एका शब्दावरून बाईला आणि तिच्या जोडीदारालाही औषध घ्यावं लागतं, आणि दोघांमध्ये नको ते प्रश्न उभे राहू शकतात. तिथे अंदाज चालत नाही.

हळूहळू माझी एक पद्धत बसली. कमी पॉवरवर आधी आजूबाजूच्या खुणा शोधायच्या. स्क्वॅमस पेशींवर (आवरणाच्या चपट्या पेशी) न्यूट्रोफिलचे गच्च गोळे चिकटलेले असतील, किंवा लेप्टोथ्रिक्स या जिवाणूचे केसासारखे लांब धागे दिसले, की मी स्लाइड सावकाश सरकवते. लेप्टोथ्रिक्स एकटंही असू शकतं, म्हणून तो पुरावा नव्हे. मग 40 एक्सवर जाऊन फाइन फोकस सतत हलवत राहायचं. न्यूक्लियस त्या हलवण्यातच उमटतो, कधी सोबत सायटोप्लाझममधले बारीक लाल कणही.

सगळ्यात जास्त गोंधळ वलयांचा. या संसर्गातही पेशीच्या न्यूक्लियसभोवती फिकट वलय येतं, पण ते अरुंद असतं. एचपीव्ही या विषाणूच्या संसर्गातलं वलय मोठं, ठळक कडेचं, आणि आतला न्यूक्लियस वाढलेला, सुरकुतलेला. दोन्ही स्लाइड शेजारी ठेवून पाहिल्यावरच मला हा फरक नीट कळला. स्मिअर फिक्स करण्याआधी वाळला असेल तर मात्र न्यूक्लियस पुसट होतात आणि काहीच खात्रीने सांगता येत नाही.

ताज्या स्रावाच्या वेट माउंटमध्ये (न रंगवलेल्या ओल्या स्लाइडवर) जिवंत ट्रायकोमोनास झटके देत फिरताना पाहिला आणि रंगवलेल्या स्लाइडवरचा तो निळसर ठिपका मला जास्त समजला. ज्यांना शक्य असेल त्यांनी हे जरूर पाहावं, पण लगेच, कारण थोड्या वेळात हालचाल थांबते.

पॅप स्मिअरमध्ये तो निसटूही शकतो. त्यामुळे खुणा भरपूर असूनही न्यूक्लियस सापडला नाही, तर मी फक्त दाह नोंदवते आणि लक्षणं असल्यास नॅट चाचणी (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी) करावी, असं लिहिते.